आजीला चाकं नकोत

सोमवारच्या मीटिंगमध्ये काका म्हणाले, "त्यात काय एवढं? दोन तासांचं काम आहे."

खरं तर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पण खोलीत सात जण बसले होते, सातही तिशीच्या आतले, आणि त्यातल्या एकाने नुकतंच शेजारणीला दबक्या आवाजात विचारलं होतं, "काकांना जमेल ना हे?" माणूस सत्तेचाळीस वर्षांचा झाला की त्याला कमी ऐकू येतं असा या पोरांचा समज होता. काकांना तर नको ते जरा जास्तच ऐकू यायचं.

काका हे काही त्यांचं नाव नव्हे. त्या ऑफिसात व्हिडिओ गेम बनवत, आणि गेम बनवणाऱ्यांत हे सगळ्यांत थोरले, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांचे काका झाले. सुरुवातीला त्यांनी थोडा विरोध केला. मग एकदा घरी बायकोनेही फोनवर कोणाशी तरी बोलताना "आमचे काका" म्हटलेलं ऐकलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला. आपणही त्यांना काकाच म्हणू.

तर काम असं होतं. गेममध्ये एक आजी होती. एक मांजर आजीचा चष्मा पळवतं आणि आजी गल्लीभर त्याच्या मागे लागते. एक बटण दाबलं की आजी चालायची, दुसरं दाबलं की धावायची. चालणं तयार होतं. धावणंही तयार होतं. राहिलं होतं ते फक्त मधलं, म्हणजे चालता चालता धावायला लागणं. या प्रकाराला त्यांच्या धंद्यात ब्लेंडिंग म्हणतात. काका ते समजावून सांगताना आंघोळीच्या बादलीवर येत. गरम पाण्याचा नळ हळूहळू बंद करायचा, गारचा हळूहळू सोडायचा. चालणं शंभर टक्क्यांवरून शून्यावर, धावणं शून्यावरून शंभरावर, सगळं पाव सेकंदात. मधल्या वेळात कॉम्प्युटर दोन्हींचं मिश्रण करतो. माणसाचं मूल हे दुसऱ्या वर्षी आपलं आपण शिकतं आणि त्याबद्दल त्याला कोणी पगारवाढ देत नाही.

सोमवारी दुपारी काकांनी दोन्ही नळ जोडले आणि बटण दाबलं. आजी छान चालत आली. मग तिचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटले, दोन्ही हात बरगड्यांना टेकले, आणि ती तशीच, ताठच्या ताठ, साबणावरून घसरावी तशी हातभर पुढे गेली. मग एकदम काही झालंच नाही अशा थाटात धावू लागली.

"काका, आजीला काय झालं?" मागून टेस्टर मुलीने विचारलं. गेममधल्या चुका शोधून त्यांची यादी करणं हे तिचं काम, आणि ते ती अत्यंत आनंदाने करायची.

"काही नाही. आकडे जुळवायचेत जरा."

संध्याकाळपर्यंत तिच्या यादीत तीन नोंदी पडल्या होत्या. "आजी घसरते." "आजीचे दोन्ही पाय एक होतात." "आजी पाव सेकंद हवेत असते, हे हेतुपुरस्सर आहे का?" या तिसऱ्या नोंदीतला प्रश्न काकांच्या फार जिव्हारी लागला.

आता ही आजी आली कुठून, ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. अशा हालचाली तयार विकत मिळतात. पण त्या सगळ्या पंचविशीतल्या धिप्पाड गड्यांच्या. त्यातली एक आजीला लावून पाहिली, तर आजी खांदे उडवत कुस्तीच्या आखाड्यात उतरल्यासारखी चालू लागली. तेव्हा काकांनी छातीठोकपणे सांगितलं, "मी खऱ्या आजीचा व्हिडिओ काढतो आणि त्यावरून चाल बनवतो." आणि घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळीत लावायचं. छापखाना बंद पडला, मग सासरे गेले, आणि सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. घरात त्यांना काही कमी नव्हतं. पण त्यांना कोणी कामाचं काही विचारत नव्हतं. त्या खिडकीजवळ बसून रोजचं वर्तमानपत्र लाल पेनाने तपासत आणि ते कुणालाही न दाखवता रद्दीत ठेवत.

"माझी चाल हवीय?" त्या म्हणाल्या. "कामासाठी?"

"हो, आई. गेममधली आजी तुमच्यासारखी चालेल."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि विचारलं, "कधी यायचं?"

जायचं कुठेच नव्हतं. काकांच्या मजल्यावर लिफ्टपासून टोकाच्या खिडकीपर्यंत लांबच लांब कॉरिडॉर होता. एका बाजूच्या भिंतीला कॅमेरा लावला, समोरची भिंत मोकळी होती, आणि सासूबाई लिफ्टकडून खिडकीकडे चालत गेल्या. समोरच्या घरात राहणारे मास्तर आवाज ऐकून बाहेर आले. हे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. जमिनीवर पाऊल पडलेलं दिसलं की ते मोजल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते "डावा, उजवा, डावा, उजवा" असं खणखणीत आवाजात म्हणू लागले, आणि काकांनी खूश होऊन ते वहीत टिपून घेतलं. कारण कोणत्या क्षणी कोणता पाय टेकतो, हे दोन चालींचं मिश्रण करताना कॉम्प्युटरला सांगावं लागतं. चालीतला डावा धावण्यातल्या डाव्याशी जुळला, तरच बादलीतलं पाणी नीट मिसळतं.

चालणं पंधरा मिनिटांत झालं. धावणं दुसऱ्या दिवशी ठेवलं, कारण सासूबाई म्हणाल्या, "धावायला बूट लागतील." पण दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टसमोरच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता: "कॉरिडॉरमध्ये पळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, सचिव."

काका इमारतीच्या सचिवांकडे गेले. सचिव म्हणाले, "तक्रार आली आहे."

"पण अजून तर कोणी पळालंच नाही."

"म्हणूनच आता आली. पळून झाल्यावर तक्रारीचा काय उपयोग?"

तक्रार टोकाच्या खिडकीजवळ राहणाऱ्या बाईंची होती. दार उघडल्यावर समोरून कोणीतरी धावत येताना दिसलं तर त्यांच्या छातीत धडधडतं, असं त्यांचं म्हणणं. काकांनी अर्ज केला. सचिवांनी तो परत केला, कारण त्यात धावणाऱ्याचं वय नव्हतं. वय घातलं, तर डॉक्टरचा दाखला मागितला. दाखला दिला, तर डॉक्टरांनी "चालण्यास हरकत नाही" असं लिहिलेलं निघालं आणि परत जावं लागलं. शेवटी तीन दिवसांनी परवानगी आली. एका ज्येष्ठ महिलेस एकदाच धावण्याची मुभा, फक्त खिडकीकडून लिफ्टकडे, म्हणजे त्या बाईंच्या दाराकडे पाठ करून. मनाईचा कागद मात्र काढता येणार नव्हता, कारण तो काढायला वेगळा अर्ज होता.

त्यामुळे सासूबाई नातीचे बूट घालून, मनाईच्या कागदासमोरून, उलट दिशेने धावल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या अशा काही धावल्या, की मास्तरांना "डावा, उजवा" म्हणताना धाप लागली. लिफ्टपाशी पोचल्यावर त्या भिंतीला टेकून हसत सुटल्या. बायको काकांना म्हणाली, "अहो, आईला असं हसताना मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं." त्या आठवड्यात सासूबाईंनी इमारतीतल्या सगळ्यांना, दूधवाल्यासह, सांगून टाकलं की त्या गेममध्ये आहेत.

इतकं सगळं करून आता ही आजी साबणावरून घसरत होती.

मंगळवारी काकांनी पाव सेकंदाचा एक सेकंद केला. आता आजी एक सेकंदभर घसरू लागली. मग त्यांनी एका सेकंदाचा जवळजवळ शून्य केला, तर आजीला विजेचा धक्का बसल्यासारखं होऊ लागलं. बुधवारी त्यांनी चालणं आणि धावणं यांच्यामध्ये क्षणभर उभं राहणं घातलं. घसरणं थांबलं, पण मांजर समोरून पळत असताना आजी थबकून विचारात पडू लागली. टेस्टरने नोंद केली, "आजीला गॅस बंद केला का ते आठवत नाहीये असं वाटतं."

दुपारी बॉसबाई आल्या. बॉसबाईंचं वय एकोणतीस. हुशार होत्या आणि वाईट बातमीही गोड आवाजात सांगत, त्यामुळे ती अंगावर यायला थोडा वेळ लागे.

"काका, दोन तास झाले का हो?"

"होतच आलं."

"शुक्रवारी अकरा वाजता गेमला पैसे देणाऱ्या मंडळाचे लोक बघायला येणार आहेत. मी एक सुचवू? आजीच्या जागी एक छोटासा यंत्रमानव घेऊ. खाली चाकं लावू. चाकांना पाय नसतात, ब्लेंडिंगच नको. तुम्हाला मग मी मेनूचे रंग देते करायला. शांत काम आहे."

"आणि आजी?"

"आजीला पुढच्या गेममध्ये बाकावर बसवू ना. बसलेली फार छान दिसेल ती."

मेनूच्या रंगांचं काकांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं, हा खरा प्रश्न होता. तुमच्या जागी डबा घेतला, आई, त्याला चाकं आहेत. हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात चार प्रकारे म्हणून पाहिलं आणि चारही प्रकारे ते तितकंच वाईट होतं. त्यांनी बॉसबाईंकडे शुक्रवारी सकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली आणि विचार केला. चाल बरोबर, धाव बरोबर, गणित चार वेळा तपासलेलं. मग चूक एकाच ठिकाणी असू शकते. त्यांनी जाऊन मास्तरांचं दार वाजवलं.

"मास्तर, रागावू नका. पण त्या दिवशी धावताना तुम्ही डाव्याला उजवा तर नाही ना म्हणालात?"

मास्तरांच्या तोंडचा घोट तसाच राहिला. त्यांनी हातातला चहाचा कप बाजूला ठेवला आणि ते दारातच ताठ उभे राहिले.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी मैदानावर डावा-उजवा म्हटलं. चारशे पोरांत एकाचा पाय चुकला तर मला पाठमोरा असताना कळायचं. आणि तुम्ही मला डावा पाय शिकवता?"

"तसं नाही हो."

"मग कसं?" म्हणून मास्तरांनी दार लावून घेतलं. आतून बराच वेळ ताठ पावलांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. डावा, उजवा, डावा, उजवा.

गुरुवारी इमारतीत बातमी पसरली की सासूबाईंच्या जावयांनी मास्तरांचा डावा पाय चुकीचा ठरवला. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण सल्ला देऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले की आजीचे बूट घसरडे असतील, तळवे बदला. टोकाच्या बाई म्हणाल्या की त्यांना आधीपासूनच वाटत होतं. सचिवांनी विचारलं, ही घसरण इमारतीच्या हद्दीत झाली की गेमच्या, कारण इमारतीच्या हद्दीत झाली असेल तर नोंद करावी लागेल. काकांनी सगळ्यांचे आभार मानले. दिवसभर ऑफिसात त्यांनी आणखी सहा प्रकार करून पाहिले आणि आजी सहा प्रकारांनी घसरली.

संध्याकाळी ते घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले. शेजारी शेजारी दोन व्हिडिओ लावले होते, डावीकडे चालणं, उजवीकडे धावणं. सासूबाई भाजी निवडत बाजूला येऊन बसल्या.

आता सांगायलाच हवं, असं काकांनी ठरवलं. त्यांनी घसा साफ केला.

"आई, एक सांगायचं होतं. ते काम जरा..."

"सचिवांना ओळी लावायची अक्कल नाही," सासूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

"काय?"

"हा कागद बघा ना, माझ्या मागचा. 'कॉरिडॉरमध्ये पळण्यास' एवढी मोठी ओळ, आणि 'सक्त मनाई आहे' कोपऱ्यात कोंबलंय. आम्ही असं लावलं असतं तर मालकांनी खिळे डोक्यावर ओतले असते."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. धावणाऱ्या सासूबाईंच्या मागे भिंतीवर एक पांढरा ठिपका होता आणि त्यावर काळ्या मुंग्या. त्यांनी डोळे बारीक केले. मुंग्याच.

"तुम्हाला हे वाचता येतंय, आई? मला तर एक अक्षर लागत नाही."

"तुम्हाला नाही लागणार. उलटं आहे ते."

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे उलटं. आरशात दिसतं तसं. खिळे असेच असतात की. तीस वर्षं मी उलटंच वाचलंय, मला सरळ वाचायला निवृत्तीनंतर जरा जड गेलं." त्यांनी एक देठ मोडला. "तुम्ही हा व्हिडिओ पहिल्यांदा दाखवलात, तेव्हाच मी पाहिलं होतं. म्हटलं, कॉम्प्युटरातही आधी उलटं लावून मग छापत असतील."

काका खुर्चीतून उठले. मग बसले. मग परत उठले.

चालताना सासूबाई लिफ्टकडून खिडकीकडे गेल्या होत्या आणि धावताना सचिवांच्या कृपेने खिडकीकडून लिफ्टकडे. दोन्ही व्हिडिओंत त्या एकाच दिशेला जाताना दिसाव्यात म्हणून काकांनी स्वतःच्या हातांनी धावण्याचा व्हिडिओ आरशासारखा फिरवला होता, आणि मग साफ विसरून गेले होते. आरशात डावा पाय उजवा होतो. धावण्याची हालचाल त्यांनी या उलट्या व्हिडिओवरून बनवली. पण पायांच्या खुणा घेतल्या वहीतून, मास्तरांच्या तोंडच्या, ज्या अगदी सरळ आणि शंभर टक्के बरोबर होत्या. चार दिवस कॉम्प्युटर इमानेइतबारे आजीचा डावा पाय तिच्या उजव्या पायाशी जुळवत होता. एक पाय पुढे म्हणतोय, दुसरा मागे म्हणतोय, मग दोघांचा समेट म्हणून दोन्ही पाय मध्ये. आजी घसरणार नाही तर काय करणार?

काकांनी धावण्याच्या खुणांमध्ये जिथे डावा होता तिथे उजवा केला, उजव्याचा डावा केला आणि बटण दाबलं.

आजी चालत आली. चालता चालता तिचं पाऊल लांबलं, कोपरं वर आली, मान थोडी पुढे झुकली, आणि ती धावू लागली. कुठे सुरू झालं ते कळलंही नाही. काकांनी परत दाबलं. परत धावली. त्यांनी वीस वेळा दाबलं आणि वीस वेळा आजी नातीच्या बुटांत, मनाईच्या कागदासमोरून धावल्यासारखी धावली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्यामुळे आहे असं त्यांनी बायकोला सांगितलं. सासूबाई मेथी निवडत होत्या.

सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली होती.

आधी ते समोर गेले आणि मास्तरांच्या दारात उभे राहून म्हणाले, "चूक माझी. तुमचा डावा डावाच होता."

मास्तरांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "विश्राम," ते म्हणाले आणि चहाला आत बोलावलं.

शुक्रवारी अकराला मंडळाचे तीन लोक आले. गंभीर चेहऱ्याचे होते, हातात कागद होते. त्यातल्या सगळ्यांत गंभीर गृहस्थांनी बटण दाबलं, आजी मांजरामागे धावली, आणि ते गृहस्थ अकरा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत बटण सोडायला तयार होईनात. जाताना म्हणाले, "ही आजी कोणाची तरी खरी आजी आहे का हो? ओळखीची वाटते."

"माझ्या सासूबाई," काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांनी छाती पुढे काढून उच्चारलं.

बॉसबाईंनी चाकांचा विषय पुन्हा काढला नाही. "काका, शेवटी लागला किती वेळ?" एवढंच त्यांनी विचारलं.

"दोन तास सांगितले होते," काका म्हणाले. "चार मिनिटांत झालं."

टेस्टरच्या यादीत त्या दिवशी एकच नवी नोंद होती. "आजी मांजराला पकडते. मांजराचा वेग वाढवावा लागेल."

संध्याकाळी काकांनी लॅपटॉप घरी आणला आणि सासूबाईंसमोर ठेवला. बायको आली, नात बूट शोधायचं सोडून आली, मास्तर आले. सचिव उंबऱ्याबाहेरून बघत राहिले. सासूबाईंनी चष्मा पुसला, लाल पेन हाताशी घेतलं आणि एकदाही न हसता स्वतःला चालताना पाहिलं, मग धावताना पाहिलं. मग म्हणाल्या, "परत." काकांनी परत दाखवलं. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. काकांना वाटलं, आता काहीतरी चूक काढणार. या बाईंच्या लाल पेनातून आजवर एकही वर्तमानपत्र सुटलं नव्हतं.

"आमच्याकडे शेवटचा कागद तपासून झाला," त्या हळूच म्हणाल्या, "की मालक त्यावर एकच शब्द लिहायचे. तो लिहिला की मग यंत्र सुरू. मला तीस वर्षांत तो लिहायचा अधिकार कधी मिळाला नाही."

काकांनी वही पुढे केली. डावा-उजवा लिहिलेलं पान उघडंच होतं.

सासूबाईंनी त्याच्या खाली लाल पेनाने, अगदी सरळ अक्षरात लिहिलं, "छापा," आणि सही केली.